भंगारवाल्याला फोन करायच्या आधी प्लग काढून बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पडून असलेल्या जुन्या गाड्यांबद्दल तुमच्या पेपरात मध्यंतरी बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की ही डबडी उचला आणि जागा मोकळी करा. रस्त्यावर टाकून दिलेल्या गाड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, आमच्याच गल्लीत एक व्हॅन आहे जिच्यात मांजरीची तिसरी पिढी वाढतेय, ती खुशाल न्या. पण नौपाडा, चरई, उथळसरला जुन्या वाड्यांच्या आणि बैठ्या चाळींच्या आवारात, शेडखाली, ताडपत्रीखाली ज्या फियाट आणि अँबॅसिडर अजून उभ्या आहेत त्या आता रिडेव्हलपमेंटच्या घाईत "इंजिन जॅम आहे, काय उपयोग" एवढ्या एका वाक्यावर किलोच्या भावाने चालल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना फक्त पंधरा दिवस आणि थोडं तेल हवं होतं असं मला आता छातीठोकपणे सांगता येतं, कारण आमचीही त्याच वाटेवर होती.

आमची म्हणजे वडिलांची, 1971 ची फियाट 1100 डिलाइट. तरुण वाचकांसाठी सांगतो, पुढे जी पद्मिनी म्हणून काळ्यापिवळ्या टॅक्सीत दिसायची तिचीच ही थोरली बहीण, कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीत बनलेली, मधे प्रेसिडेंट नाव झालं आणि 1974 पासून पद्मिनी. इंजिन तेच 1089 सीसीचं, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. तेव्हा गाडी बुक करून नंबर लागायला वर्षं जायची, त्यामुळे ती आली त्या दिवशी वाड्यात पेढे वाटले होते म्हणे. 2006 ला वडील गेले आणि गाडी शेडमध्ये लागली ती लागलीच. दर दिवाळीला मी ताडपत्री झटकायचो आणि या वर्षी बघू म्हणायचो. हिच्या भाषेत सांगायचं तर "यांचं बघू".

मागच्या वर्षी आमच्या वाड्याचं रिडेव्हलपमेंटचं अ‍ॅग्रीमेंट झालं आणि बिल्डरचा माणूस येऊन सांगून गेला, काका महिन्याभरात शेड मोकळी करा. मग माझे डोळे उघडले. मी वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्स फिटर म्हणून अख्खी नोकरी काढली, हायड्रॉलिक प्रेस उघडून परत बसवलेत, तेव्हा गाडीचं इंजिन ते काय असा माझा तोरा होता. नवी बॅटरी आणली, लावली, सेल्फ मारला. टक्. परत मारला, टक्. मी चावी धरून ठेवली तशी वायर तापल्याचा वास आला तेव्हा कुठे सोडली. मग संध्याकाळी पोरं जमवली, टायरमध्ये हवा भरली, न्यूट्रलला गाडी छान सरकत होती म्हणजे ब्रेक मोकळे, म्हटलं टॉप गिअरमध्ये टाकून धक्का मारू. क्लच सोडला तशी मागची दोन्ही चाकं जागेवर लॉक झाली आणि गाडी फरशीवर टायरचे काळे पट्टे ओढत थांबली. पोरं हसली. मला तेव्हा कळलं नाही की मी त्या दिवशी एखादा पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी, वाकवला असता किंवा पिस्टनच फोडला असता, नशीब म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याला बोलावलं, नाव घेत नाही कारण माणूस वाईट नाही फक्त घाईतला आहे. त्याने फॅन धरून हलवून बघितला, हलला नाही, आणि दोन मिनिटात निकाल. इंजिन संपलंय काका, एकतर द्या मला भंगारात, नाहीतर दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकून देतो, मारुतीचं पण बसतं. त्याने बॉनेटवर थाप मारली ती मला अजून आठवते.

आता इथे एक गोष्ट जी त्याला माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा नव्हती, पुतण्याने शोधून दाखवली. केंद्र सरकारने 2021 च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांचा नियम काढला, त्यात 50 वर्षांहून जुनी खाजगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून रजिस्टर होते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि पुढे नूतनीकरणाला 5,000, नोंदणी 10 वर्षं चालते आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात. रोज बाजारात न्यायला ही गाडी चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांनाच रस्त्यावर आणायची. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. म्हणजे मारुतीचं इंजिन टाकलं की तो दरवाजा आपल्याच हाताने बंद. ज्यांच्याकडे साठ-सत्तरच्या दशकातली गाडी आहे त्यांनी हे आधी वाचा आणि मग गॅरेजवाल्याच्या "टाकून देतो" ला मान डोलवा. जॅम झालेला मूळ ब्लॉक हीच त्या गाडीतली सगळ्यात किमती वस्तू आहे, तोच आपण आधी फेकायला निघतो.

मग मला आमच्या ओळखीतले एक जुने मिस्त्री आठवले, मूळचे दापोलीचे, आयुष्यभर फियाट टॅक्सीच केल्या, आता डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून काम बंद. आले, खुर्ची मागितली, बसले, आणि पहिला प्रश्न विचारला, चालता चालता बंद पडली का उभी राहून जॅम झाली? मी म्हटलं उभी राहून, शेवटची चालवली तेव्हा वडिलांनी स्वतः शेडमध्ये लावली होती. म्हणाले मग रडताय काय.

फरक असा आहे. चालत्या गाडीत तेल संपलं किंवा पाणी संपून इंजिन तापलं आणि धरलं तर आत पिस्टनचा धातू बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चिकटतो, बेअरिंग भाजतात, तिथे खर्च आहेच. उभ्या गाडीत बहुतेक वेळा काहीच तुटलेलं नसतं, गंज असतो. इंजिन बंद होतं तेव्हा चारही सिलिंडरचे व्हॉल्व्ह काही बंद नसतात, कुठला तरी एक इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) उघडा राहतो आणि कुठला तरी एक एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा), आणि त्यातून हवा आत जाते. आपली ठाण्याची पावसाळी हवा, खाडीचा दमटपणा, चार महिने चपला कपाटात ठेवल्या तर बुरशी येते तिथे वीस वर्षं बिडाच्या बोअरचं काय होईल. पिस्टनची रिंग आणि बोअर यात केसाएवढीही फट नसते आणि लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो त्या फटीत फुगतो आणि रिंगला धरून बसतो. बस इतकंच. कधीकधी तर इंजिनही धरलेलं नसतं, सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यात अडकलेलं असतं किंवा वॉटर पंप नाहीतर डायनॅमो जॅम असतो आणि आपण फॅन हलत नाही म्हणून इंजिनाला नावं ठेवतो. म्हणून मिस्त्रींनी आधी फॅनबेल्ट काढायला लावला, सेल्फ उतरवायला लावला. त्या दोन्हीत काही दोष निघाला नाही, पण बघितलं.

मग चारही स्पार्क प्लग काढले. प्लग काढायच्या आधी भोवतीचा कचरा हवेने उडवा, नाहीतर तो सरळ आत पडतो. पुतण्याने मोबाईलला लावायचा वायरचा कॅमेरा आणला, हजाराच्या आतली वस्तू आहे, आणि त्या भोकातून आम्ही आत बघितलं. एक, दोन आणि चार नंबरचं बोअर थोडं तांबूस पण चकाकी होती. तीन नंबरमध्ये पिस्टनच्या वर बोअरला तपकिरी पट्टा, जुन्या बादलीच्या कडेला असतो तसा. टॅपेट कव्हर उघडल्यावर कारण पण सापडलं, तीन नंबरचाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा होता आणि सायलेन्सर खालून सडून भोक पडलेलं, म्हणजे जमिनीची ओल वीस वर्षं थेट त्याच सिलिंडरच्या घरात. एक नंबरचा इनटेक पण उघडा होता, पण त्या वाटेवर कार्बोरेटर आणि एअर फिल्टर आडवे असल्यामुळे तो वाचला. (एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं होतं, त्यात आमच्या 2005 च्या लाइट बिलाचे तुकडे मिळाले.)

व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या रॉकरचा दांडा मिस्त्रींनी उतरवून बाजूला ठेवला. हे फार महत्त्वाचं आणि लोक हेच विसरतात. व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असला आणि तुम्ही इंजिन फिरवलं तर पुशरॉड वाकतो, नाहीतर पिस्टन येऊन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. रॉकर काढले की स्प्रिंगच्या जोराने व्हॉल्व्ह आपोआप वर येऊन बंद होतात. आमचे सात आले, तीन नंबरचा एक्झॉस्ट तसाच खाली. त्याच्या दांडीवर रोज थोडं तेल आणि प्लास्टिकच्या हातोडीने टिचक्या, चौथ्या दिवशी टप्प करून वर आला.

आता तेल. यावर दहा लोक दहा गोष्टी सांगतात. कोणी डिझेल म्हणतं, कोणी रॉकेल, एकाने तर मला कोल्ड्रिंक ओता म्हणून सांगितलं, ते कृपया करू नका, त्यात अ‍ॅसिड असतं आणि गंजाबरोबर चांगला धातू पण खातं, वर साखरेचा चिकटा वेगळा. आम्ही वापरलं ते पॉवर स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते लाल तेल, एटीएफ, आणि रंगवाल्याच्या दुकानात मिळणारं अ‍ॅसिटोन, निम्मं निम्मं. अ‍ॅसिटोन पातळ असल्याने तेलाला फटीत घेऊन जातं. दोघं नीट मिसळून राहत नाहीत, ओतायच्या आधी बाटली जोरात हलवायची. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, शेड उघडी ठेवा, विडी सिगरेट लांब, आणि बॉनेटच्या रंगावर सांडलं तर रंग गेलाच समजा, आमच्या उजव्या मडगार्डवर रुपयाएवढा डाग आहे त्याची जबाबदारी पुतण्याची.

प्रत्येक सिलिंडरमध्ये पाव पाव कप ओतलं, प्लग नुसते हाताने टेकवले आणि मिस्त्री घरी निघून गेले. मी म्हटलं आता? म्हणाले आता काही नाही, परवा फोन करा.

सकाळी कॅमेरा घालून बघितलं तर एक आणि चारमधलं तेल रिंगांमधून खाली उतरलेलं, दोन नंबरचं दोन दिवसांनी उतरलं, आणि तीन नंबर जसाच्या तसा, मासुंदा तलावासारखा शांत. कोण धरून बसलाय ते कळलं. मी रोज उतरलेल्या जागी भर घालायचो. सहाव्या दिवशी तीन नंबरची पातळी थोडी खाली गेली तेव्हा मी फोनवर मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले आता त्याला पाणी लागलं.

अकराव्या दिवशी पहिल्यांदा हँडल लावलं. जुन्या फियाटला पुढून बंपरमधून हँडल घालायची सोय आहे हे आता किती जणांना माहीत असेल, त्या हँडलने वडील थंडीत गाडी चालू करायचे आणि मला ओरडायचे की अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेव, नाहीतर इंजिन उलटा झटका देईल आणि मनगट जाईल. गिअर न्यूट्रल बघितला आणि पुलीवर आणि समोरच्या पत्र्यावर खडूने एक रेघ मारली, कारण इंजिन हललं का आपल्याला वाटलं हे हाताला कळत नाही, खडूला कळतं. मी हँडलला पाइप लावून लांबी वाढवायला निघालो होतो, फिटरची सवय, मिस्त्रींनी पाइप हातातून काढून घेतला. म्हणाले दोन हाताचा जोर लागेल तेवढाच, आणि एकाच बाजूला नाही. त्या हँडलची गंमत अशी की ते उलट फिरवलं तर सुटून येतं, म्हणून उलट दिशेला पुलीच्या बोल्टला पाना लावला तो पण जपून, कारण सैल व्हायच्या दिशेला जास्त जोर दिला तर बोल्टच सुटतो. थोडं इकडे, थोडं तिकडे, पुढे जायचा हट्ट नाही. पहिल्या तासाला काही नाही. मग खडूची रेघ एक मिलिमीटर सरकली. खोटं सांगत नाही, मी खाली बसलो.

त्या दिवशी आणखी जोर लावला असता तर कदाचित फिरलंही असतं आणि कदाचित गंजाच्या कडेवर रिंग तुटलीही असती. थांबलो. परत तेल, परत रात्र. दुसऱ्या दिवशी बोटभर, तिसऱ्या दिवशी पाव फेरा, आणि चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला पूर्ण फेरा झाला, आतून खर्र असा आवाज येत होता आणि प्रत्येक फेऱ्याला कमी होत गेला. हिने वरून गॅलरीतून विचारलं, झालं का? मी म्हटलं झालं. म्हणाली मग हात धुवून वर या, पोहे झालेत. पंधरा दिवसांचा हिशोब दोन वाक्यात संपला.

सगळं इतकं सरळ नेहमी होत नाही हेही सांगतो. महिनाभर भिजवूनही नाही हललं तर हेड उतरवायला लागतं, आणि या हेडच्या भोकात स्टड गंजून धरतात त्यामुळे तेच एक वेगळं युद्ध असतं. तिथे सुद्धा पिस्टनवर सरळ लोखंडी हातोडा मारायचा नाही, अ‍ॅल्युमिनियम आहे, तडकतो, लाकडाचा ठोकळा ठेवून हळू. बोअर खड्डे पडण्याइतकं खाल्लेलं असेल तर मात्र बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन, नाहीतर बोअरमध्ये नवी नळी म्हणजे स्लीव्ह. वागळे इस्टेटला अजून लेथवाले आहेत जे हे करतात, पण पिस्टनसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडला चकरा मारायची तयारी ठेवा, आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या तेव्हापासून तिथेही माल कमी झालाय.

इंजिन फिरलं म्हणून लगेच चावी मारू नका ही शेवटची सक्ती. इंजिनाच्या खालच्या चेंबरमधलं सगळं तेल काढलं, ते लालकाळं आणि पाण्यासारखं पातळ झालेलं, त्यावर चालवलं असतं तर बेअरिंगची वाट लागली असती. नवीन तेल, नवीन फिल्टर. प्लग काढलेलेच ठेवून वर जाड फडकं टाकून सेल्फने फिरवलं, कारण बोअरमधलं उरलेलं मिश्रण कारंज्यासारखं उडतं, आणि प्लगच्या वायरी सोडवून बाजूला, नाहीतर एक ठिणगी पुरते. ऑइल प्रेशरची लाइट विझेपर्यंत थांबून थांबून फिरवलं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजलं, 115, 110, 70, 115 पीएसआय, तीन नंबरचा कमी येणारच होता. जुनं पेट्रोल टाकीत डिंकासारखं झालं होतं म्हणून टाकी बाजूला ठेवून छोट्या बाटलीतून नवीन पेट्रोल दिलं, शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवला.

तिसऱ्या सेल्फला पकडलं. आणि मग जो धूर निघाला, पांढराशुभ्र, सायलेन्सरमध्ये साठलेलं सगळं तेल जळायला लागलं, अख्खा वाडा भरला, वरच्या आजी "अगं काय जळतंय" करत बाहेर आल्या, कोणीतरी फायर ब्रिगेडला फोन करायला निघालं होतं त्याला थांबवलं. दहा मिनिटांनी धूर गेला आणि टॅपेटचा तो टिकटिक आवाज उरला जो मी लहानपणी झोपेतून ओळखायचो की बाबा आले. त्यानंतर चारपाच वेळा नीट गरम होईपर्यंत चालवल्यावर तीन नंबर 90 वर आलाय. माझ्या एका मित्राचं म्हणणं आहे की तरीही हेड उघडून रिंगा बघायलाच पाहिजे होत्या, त्याचं शास्त्र बरोबर आहे, पण माझ्या मते जे चालतंय आणि सुधारतंय ते उगीच उघडू नये. त्यावरून आमचं अजून भांडण चालू आहे. ब्रेकचे व्हील सिलिंडर सगळे बदलायला लागणार, त्यामुळे गाडी अजून वाड्याच्या बाहेर गेलेली नाही.

ज्यांना गाडी उभीच ठेवायची आहे त्यांनी निदान एवढं करा, प्लगच्या भोकातून प्रत्येकी दोन चमचे इंजिन ऑइल टाका आणि महिन्यातून एकदा हाताने दोन फेरे फिरवा, आणि सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याचा बोळा. दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करण्याची जी सवय आहे तिने उलट आत पाणी धरतं, चालवायची तर पूर्ण गरम होईपर्यंत चालवा.

आणि रिडेव्हलपमेंटवाल्यांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना विनंती एवढीच की 50 वर्षं उभ्या असलेल्या वाड्यासाठी तुम्ही दोन वर्षं कागदं फिरवता, तर त्यातल्या गाडीला महिन्याऐवजी तीन महिने द्या. आमच्या बिल्डरने मागून घेतल्यावर दिले, नाकारलं नाही, म्हणजे बहुतेक जण मागतच नाहीत.

चरई-नौपाड्यात कोणाची फियाट अशी अडकलेली असेल तर माझ्याकडचं हँडल मिळेल, तुमच्या कार्यालयातून निरोप द्या. फक्त परत आणून द्यायचं, मागच्या महिन्यात एकजण घेऊन गेलाय तो अजून यायचाय.

आपला नम्र,
एक जुना वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)